नानांची झडती

आमच्या गटात यायला दारू सुटलेली असावी लागत नसे. सोडायची इच्छा असली तरी पुरे, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. पिशवी मात्र दारातच सोडावी लागे, आणि ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. दारात नाना उभे असत. येणाऱ्याच्या हातातली पिशवी ते अशा अगत्याने काढून घेत, की पाहुण्याचं ओझं हलकं करताहेत असं वाटावं. मग चेन उघडायची, आत कोपरापर्यंत हात घालायचा, डबा कानाशी हलवायचा, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून एक दीर्घ वास घ्यायचा, आणि सगळं होतं तसं परत ठेवून म्हणायचं, "बसा. चहा येतोय."

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझ्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा माझा धंदा. नानांनी एकेक लेन्स काढून उजेडात धरली आणि आरपार पाहिलं. लेन्समध्ये दारू मावत नाही, असं मी जरा कुत्सितपणे म्हणालो. नाना म्हणाले, काय कशात मावतं ते तुम्ही मला शिकवू नका. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाशी आपलं जमणार नाही. दारू सोडायला आलो होतो, तपासणी नाक्यावर नव्हे.

आणि नाना खरोखरच नाक्यावरचे होते. अख्खी नोकरी त्यांनी जकात नाक्यावर काढली होती. ट्रकची ताडपत्री उचलून पोती मोजणं, कापसाच्या गाठींमध्ये सळई खुपसून पाहणं, प्रवाशांच्या ट्रंका उघडायला लावणं, हेच त्यांनी तीस वर्षं केलं. पुढे सरकारने जकात बंद केली. ती बातमी नानांच्या हातांपर्यंत कधी पोचलीच नाही. ते निवृत्त झाले, धुळ्याकडचं गाव सोडून कायमचे जळगावकर झाले, मेहरूण तलावाजवळच्या एका प्राथमिक शाळेची खोली शनिवारच्या संध्याकाळपुरती मागून घेतली, आणि तिथे आमचा नाका उघडला.

खोली तिसरीच्या वर्गाची होती. तिसरीच्या पोरांचे बाक, त्यांवर आम्ही तीस बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसायचो. भिंतीवर फळांचे तक्ते. एक जण उठून सांगायचा की मी बायकोच्या मंगळसूत्रापर्यंत कसा पोचलो, आणि त्याच्या डोक्यामागे अननस, आंबा, इडलिंबू. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. नंतर माझी पाळी आली तेव्हा मी सगळा वेळ त्या अननसाकडे बघूनच बोललो.

नानांचा दुसरा छंद म्हणजे सातचा मिस कॉल. रोज संध्याकाळी सात वाजता गटातल्या प्रत्येकाने नानांना एक मिस कॉल द्यायचा. एक रिंग याचा अर्थ आज प्यायलो नाही. लागोपाठ दोन रिंगा याचा अर्थ अवघड झालंय, या. आणि रिंगच आली नाही तर नाना स्वतः येत. एकटे नव्हे, वाटेत सापडतील तेवढ्या सभासदांना घेऊन. नाना म्हणत, दारू सोडणं वगैरे मोठ्या गोष्टी सोडा, फक्त सात वाजवून दाखवा. पिणारा माणूस सातला उघडा पडतो, असं त्यांचं शास्त्र होतं. शनिवारी तर आम्ही त्यांच्या समोरच बसलेले असू. तरी सातच्या ठोक्याला तीस जण खिशातून फोन काढून दोन हातांवर बसलेल्या माणसाला मिस कॉल देत, आणि नाना एकेक रिंग ऐकून मान हलवत. कुणी चुकून दोन सेकंद जास्त वाजू दिला की "कापा, कापा" म्हणत. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही कुणाला देता मिस कॉल? त्यांनी वर बोट केलं. वर शाळेचा पंखा होता, तोही बंद.

या मिस कॉलपायी केळीवाले आबा जवळजवळ बुडाले होते. आबा यावलकडचे, केळीच्या बागा असलेले, गटातले सर्वांत जुने. त्यांच्या मळ्यात दाट केळीत फोनला रेंज नसते. एके दिवशी सातला आबांची रिंग आली नाही. नानांनी पाच मिनिटं वाट पाहिली, एकाची जीप काढायला लावली आणि आम्हा सहा जणांना कोंबून निघाले. मळ्यात पोचलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली, पाव्हणे मंडळी बसलेली, आबांच्या मुलीची सोयरीक जुळत होती. नानांनी कुणाला राम राम केला नाही. सरळ विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरले. खताची पोती उचलली, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी सोडली, चाऱ्याच्या ढिगात हात घातला. मुलाच्या बापाने विचारलं, हे गृहस्थ काय शोधताहेत? आबांचा चेहरा पिकलेल्या केळ्यासारखा झाला होता. नानांनी चाऱ्यातून डोकं बाहेर काढून सरळ सांगून टाकलं, की आबा पितात की नाही ते पाहतो आहे.

सोयरीक मोडली असं आम्ही सगळ्यांनी मनात धरलं. मुलाचा बाप उठला, नानांना चिंचेच्या झाडामागे घेऊन गेला, दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले. लग्न ठरल्या तारखेला झालं, शूटिंग मीच केलं. तो मुलाचा बाप आता दर शनिवारी आबांच्या शेजारच्या बाकावर बसतो. नाना त्याचीही पिशवी तपासतात, आणि व्याही म्हणून जरा जास्तच तपासतात.

एकदा आमच्या वर्धापनदिनाला एका पुढाऱ्याला बोलावलं. त्याने शाल घेतली, नारळ घेतला आणि मनोबलावर पाऊण तास बोलला. बोलताना मधूनमधून खिडकीतून बाहेर पिंक टाकत होता. नाना भाषणभर त्याच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे टक लावून होते. शेवटी न राहवून ते मंचावर गेले, झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा झाकण लावलं आणि खाली येऊन बसले. पाणीच होतं. पुढारी पुन्हा आमच्याकडे आला नाही, याबद्दल मी नानांचा कायमचा ऋणी आहे.

पण माझ्या मनात जे सलत होतं ते वेगळंच. बैठकीच्या शेवटी नाना स्वतःची एक हकीकत सांगत. गटात फक्त पिणाऱ्यांनीच बोलावं असा नियम होता, म्हणून नानाही पूर्वाश्रमीचे पिणारे. त्यांच्या हकिकती म्हणजे जागांची यादी होती. बाटली पिठाच्या डब्यात, कूलरच्या टाकीत, संडासच्या फ्लशमध्ये, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, गोधडीच्या अस्तरात. नवे लोक भारावून ऐकत. मी व्हिडिओवाला, माझं काम बारीक बघण्याचं. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की या हकिकतींमध्ये बाटली सापडते, पण कुणी ती पीत नाही. पहिला घोट कसा उतरला, सकाळी हात कसे थरथरले, हे नाना कधी सांगतच नसत. आणि एका शनिवारी ते म्हणाले, "एकदा मी बाटली कुठे लपवली तेच विसरून गेलो."

तीस पिणारे एकमेकांकडे न बघता समोर बघत राहिले. कारण पिणारा माणूस मुलीचा वाढदिवस विसरतो, बापाचं श्राद्ध विसरतो, स्वतःचं घर विसरून शेजाऱ्याच्या ओट्यावर झोपतो, पण बाटली कुठे ठेवली ते विसरत नाही. ते शक्यच नसतं. मी मनात म्हणालो, नाना, सापडलात. त्या दिवसापासून ते वाक्य मी जपून ठेवलं. कधी लागेल ते सांगता येत नाही, अशा हिशेबाने.

मला तसं वागायचं कारण होतं. माझी बायको मुलीला घेऊन चोपड्याला माहेरी गेली होती. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली की एक वर्ष पूर्ण झालं की येईन, आणि झालं की नाही ते तू सांगायचं नाही, नानांनी सांगायचं. माझ्या शब्दाची किंमत तिला नऊ वर्षांच्या संसारात कळली होती. दर रविवारी सकाळी नऊला ती नानांना फोन करायची. तिचा प्रश्न ठरलेला असे: "नाना, बॅग पाहिली का?" नाना म्हणत, पाहिली, काही नाही. मग ती फोन ठेवायची. माझा संसार असा आठवड्यातून एकदा, एका वाक्यावर, नानांच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर चालायचा. पौषात वर्ष पुरं होणार होतं. मुलगी फोनवर मला विचारायची, पप्पा, किती राहिले? मी दिवस सांगायचो.

मार्गशीर्षात गटाची भरीत पार्टी असते. आमच्याकडे थंडीत मळ्यात भरीत पार्टी करायची आणि तिथे प्यायची नाही, हे म्हणजे लग्न लावून अक्षता न टाकण्यासारखं. म्हणून नानांनी ही कोरडी पार्टी काढली होती, की एक दिवस तरी लोकांना पोटभर भरीत शुद्धीत खाता यावं. असोद्याच्या रस्त्याला आबांच्या ओळखीचा मळा. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, बाजूला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. रविवारची दुपार. मला तिथून थेट धुळ्याला जायचं होतं, संध्याकाळी एका हळदीचं शूटिंग होतं. माझ्या दोन्ही बॅगा, कॅमेऱ्याची आणि लाइटची, बांधाला ठेवलेल्या होत्या.

कॅमेऱ्याच्या बॅगेत एक क्वार्टर होती. चार दिवसांपूर्वी घेतलेली, सील न तोडलेली, शनिवारच्या झडतीपुरती घरी ठेवलेली. का घेतली, ते विचारू नका. वर्ष संपायला आलं की भीती वाटते, एवढंच सांगता येईल. प्यायची असं ठरवलं नव्हतं आणि प्यायची नाही असंही ठरवलं नव्हतं. ती नुसती बरोबर असायची. रोज सातला मी मिस कॉल देत होतो आणि तो खोटा नव्हता.

मी पुऱ्या वाटत होतो. मागे वळून पाहिलं तर नाना बांधाशी उकिडवे बसलेले, बॅग उघडलेली, आणि त्यांच्या हातात ती क्वार्टर. तीसही जण बघत होते. मी ताट खाली ठेवलं. मला आधी लाज वाटायला हवी होती, पण आला तो संताप. आजवर कधी आला नव्हता इतका. मी भरभर बोलत सुटलो. म्हणालो, सील बघा, सील. घेतली म्हणजे प्यायलो नाही. आणि नाना, तुम्ही कोण झडती घेणारे? तुम्ही म्हणालात ना, बाटली कुठे लपवली ते विसरलो? इथे तीस जण बसलेत, विचारा त्यांना, कुणी विसरलंय का कधी. तुम्ही जन्मात थेंब घेतलेला नाही. तुम्हाला आमच्यात बसायचा अधिकार नाही.

जाळावर एक वांगं फुटलं. नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी मला गप्प बसवावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. शेवटी केळीवाले आबा बोलले. भरीत ठेचता ठेचता, मान वर न करता म्हणाले, "भो, हे आमाले कवाचं माहीत हाये. तू आज सांगून राह्यला. भरीत थंडं होऊन राह्यलं, जेव."

माझ्या बोलण्याने नानांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. त्यांनी क्वार्टर परत बॅगेत ठेवली, ज्या कप्प्यात होती त्याच कप्प्यात, लेबल ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. चेन लावली. हात धुतले. स्कूटरला किक मारली आणि न जेवता निघून गेले. भरीत चांगलं झालं होतं. मी ते खाल्लंही. इतका निर्लज्ज माणूस मीच.

धुळ्याला हळद रंगात आली होती. पावणेसातला मी जनरेटरमागे गेलो, ती क्वार्टर हातात घेतली आणि उभा राहिलो. आता कशाचं बंधन, असं मनात होतं. नाना पुढच्या रविवारी बायकोला सांगणारच, वर्ष गेलंच, मग निदान दारू तरी मिळू दे. सात वाजले. हात सवयीने फोनकडे गेला. नानांना रिंग दिली तर फोन बंद. वर्षभरात पहिल्यांदा. मी बोटांनी झाकण धरलं.

तेवढ्यात फोन वाजला आणि कापला गेला. आबा. मग पुन्हा वाजला, कापला गेला. आबांचे व्याही. मग आणखी एक, मग आणखी. नानांचा फोन बंद होता, म्हणून तीस जण आपापला सातचा मिस कॉल घेऊन वणवण फिरत होते, आणि कुणाला द्यायचा ते ठरलेलं नसल्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाला देत होता. कुणी कुणाला काही सुचवलेलं नव्हतं. मी झाकण धरून उभा, आणि खिशात एकामागून एक अर्धी अर्धी रिंग. मला रडू आलं, ते सांगायला आता लाज वाटत नाही. इतक्यात नवरदेवाचा मामा हाका मारत आला की लाइट कुठे आहे. मी बाटली कुठेतरी खुपसली आणि पळालो. त्या हळदीच्या व्हिडिओत गाण्याच्या मध्ये मध्ये कुणाचा तरी फोन अर्धा अर्धा वाजतो. लग्नघरच्यांनी पुढे तक्रार केली आणि मला तो आवाज एकेक करून काढावा लागला.

जळगावला आल्यावर मी कॅमेऱ्याची बॅग उपसली. बाटली नव्हती. मांडवात राहिली असेल, असं मनाला सांगितलं. कुठे ठेवली ते काही केल्या आठवेना, आणि आठवत नाही हे लक्षात आल्यावरही मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. डोक्यात फक्त नाना होते.

दोन शनिवार नाना आले नाहीत. शाळेच्या दारात कुणी पिशवी घेईना, तर लोक आपापली पिशवी उघडून आबांना दाखवू लागले. आबा बघतसुद्धा नसत, नुसते "बसजो" म्हणत. रविवारी चोपड्याहून बायकोचा फोन मला आला. नानांचा फोन बंद का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तब्येत बरी नाही. ती म्हणाली, मग बरे झाले की त्यांनाच विचारते. मागे मुलगी विचारत होती, पप्पांना विचार किती राहिले. बायकोने फोन ठेवला.

म्हणजे मी नानांच्या घरी गेलो तो काही शुद्ध पश्चात्तापाने गेलो नाही. मला त्यांचा शब्द हवा होता. नाना ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी माफी मागितली. मी पुन्हा मागितली. मग ते बोलू लागले, आणि आयुष्यभर कचेरीतली मराठी बोलणारा तो माणूस गावच्या अहिराणीत गेला. धाकटा भाऊ प्यायचा. नोकरीवरून आले की नाना घर उपसायचे. सापडेल ती बाटली ओतायची, पुन्हा शोधायचं. त्या सगळ्या जागा त्या भावाच्या होत्या, पीठ, कूलर, मखर, गोधडी.

"त्यानी सोडी दिन्ही व्हती," नाना म्हणाले. "आठ महिना व्हयनात. तरी मी रोज शोधू. एक दिन मी त्यानी गोधडी उसवी ऱ्हायनू व्हतू, तो दारमा उभा. म्हने, नाना, तुले सापडत नही ना? थांब, मी लई येस."

तो गेला आणि घेऊन आला. मग थांबलाच नाही, दीड वर्षात संपला. नाना हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खिशाकडे बघत होते. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर होतं. त्यांचे हात मांड्यांखाली हलत होते. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस आमच्यात इतकी वर्षं का बसत होता. पिणारे आम्ही होतो, पण सुटत नव्हतं ते त्यांनाही. आणि त्यांच्यासाठी कुठे गट नव्हता, म्हणून ते आमच्यात पिणारा म्हणवून शिरले होते. वर्षभर मी ज्याची टर उडवली, तो माझ्याच बाकावरचा निघाला. मी चष्म्याचं घर काढून उघडून त्यांना दाखवणार होतो, पण नाना म्हणाले, "नको दाखाडू."

तिसऱ्या शनिवारी ते आले. दारात थांबले नाहीत. सरळ शेवटच्या बाकावर जाऊन गुडघे हनुवटीला लावून बसले. पाळी आली तेव्हा उभे राहिले आणि अननसाच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "मी कधी पिदी नही. मी शोधस. आज वीस दिन व्हयनात, मी कोनीबी पिशवी उघाडी नही." आम्ही टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले की मिस कॉल आता कुणीतरी यांचाही घेतला पाहिजे. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून सातला माझ्या फोनवर नानांची एक रिंग येते. बायकोचा रविवारचा नऊचा फोन मात्र ते अजून उचलत नव्हते, पिशवी न बघता काय सांगायचं म्हणून.

संक्रांतीचा तिळगूळ शनिवारीच घेतला. त्याच दिवशी माझं वर्ष पुरं झालं. शाळेची ट्यूब गेली होती म्हणून मी घरून लाइटची बॅग आणली होती. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे धुळ्याच्या हळदीनंतर ती बॅग मी पहिल्यांदाच उचलली. लाइट वरच्याच कप्प्यात होता. कार्यक्रम संपल्यावर गडबडीत मी बॅग तिथेच विसरलो.

रविवारी सकाळी पावणेनऊला रिंग आली आणि कापली गेली. लगेच पुन्हा आली. दोन. मी चहा अर्धा टाकून स्कूटर काढली. नाना झोपाळ्यावर होते, आणि समोर स्टुलावर माझी लाइटची बॅग, रात्री शाळेतून त्यांनीच आणून ठेवलेली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"रातपाशी आठे शे," ते म्हणाले. "मी उघाडी नही. तू लई जाय."

मला त्यांची दया आली. यांना एकदा दाखवून टाकू, सुटतील बिचारे, म्हणून मी चेन उघडली. लाइट काढला, वायर काढली, स्टँडचे नट काढले. मग चार्जरच्या खालच्या कप्प्यात हात घातला, आणि हाताला काच लागली.

धुळ्याची क्वार्टर. सील तसंच. महिनाभर माझ्या घरात, माझ्या पलंगाखाली होती. आयुष्यभर शोधणाऱ्या माणसाने नेमकी हीच बॅग उघडली नाही आणि तिच्यातच माल होता. मी ती स्टुलावर ठेवली. मी म्हणालो, नाना, शपथेवर सांगतो, मी कुठे ठेवली ते विसरलो होतो.

नाना बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलला की तसा मी कधी पाहिला नव्हता.

"भुली गया?" ते म्हणाले. "मंग तू कसाना बेवडा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नऊ वाजले होते. नानांनी फोन उचलला आणि आवाज मोठा केला, मला ऐकू जावं म्हणून. बायकोने तब्येत विचारली, मग नेहमीचं विचारलं: नाना, बॅग पाहिली का?

झोपाळा थांबला होता. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये होती.

"नही पाही, बेटा," नाना म्हणाले. "आते मी पाहत नही. वरीस व्हयनं. तू ये."

मी ती बाटली मोरीत ओतली. नाना तिकडे पाठ करून उभे राहिले, आणि मी बाटली नीट रिकामी केली की नाही ते बघायला वळले नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

संध्याकाळच्या गाडीने बायको आणि मुलगी आल्या. मुलगी घरभर फिरून सगळं आहे तसंच आहे का ते बघत होती. मी आत चहा ठेवला होता. कप घेऊन बाहेर आलो तर बायको जमिनीवर बसलेली, माझी कॅमेऱ्याची बॅग पुढ्यात, आणि तिचा हात कोपरापर्यंत आत. मला बघून तिने तो बाहेर काढला नाही. तेवढ्यात माझा फोन एकदा वाजला आणि थांबला. कुणाचा, तिने विचारलं.

म्हटलं, नानांचा. आजही त्यांनी कुणाची पिशवी उघडली नाही.

मग तिने हात बाहेर काढला, चेन लावली, पदराला हात पुसून स्वतःचा फोन घेतला, आणि नानांना एक मिस कॉल दिला.